संरचनात्मक मास स्पेक्ट्रोमेट्री

प्रथिने व न्यूक्लिइक अम्ले यांसारख्या जैवरेणूंच्या घड्या, त्यांच्या घटकांची जुळणी आणि त्यांच्यातील हालचाल वस्तुमानाच्या मोजमापावरून ताडण्याच्या पद्धतींना एकत्रितपणे संरचनात्मक मास स्पेक्ट्रोमेट्री म्हणतात. हे उपकरण मुळात आयनाचे वस्तुमान व त्याचा विद्युत् भार यांचे गुणोत्तर मोजते, आकार त्याला दिसत नाही. घडी घातलेले प्रथिन आणि तेच उलगडलेले प्रथिन यांचे वजन सारखेच भरते. म्हणून आकाराची खूण आधी भारात, वस्तुमानात किंवा आयनाच्या गतीत उतरवून घ्यावी लागते.

मोठे व नाजूक रेणू न मोडता वायुरूप आयनांच्या अवस्थेत आणणे १९८० च्या दशकात जॉन फेन यांनी विकसित केलेल्या इलेक्ट्रोस्प्रे (विद्युत् दाबाखाली विद्रावाचा फवारा करण्याच्या) पद्धतीने शक्य झाले आणि त्यासाठी त्यांना २००२ च्या रसायनशास्त्राच्या नोबेल पुरस्कारात वाटा मिळाला. सायटोक्रोम-सी या प्रथिनावर १९९० मध्ये झालेल्या प्रयोगांत असे दिसले की, सौम्य आम्ल विद्रावात त्याच्या आयनांवर साधारण १० प्रोटॉन बसतात, तर तीव्र आम्लात ते उलगडल्यावर ही संख्या १६ च्या आसपास जाते, कारण मोकळ्या साखळीवर प्रोटॉनांना जागा अधिक मिळते.

यांतील सर्वांत फलदायी पद्धत हायड्रोजन-ड्युटेरियम (हायड्रोजनचा जड समस्थानिक) विनिमयाची मानावी लागेल. तिची कल्पना मास स्पेक्ट्रोमेट्रीतून आलेली नाही. कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत रसायनशास्त्रज्ञ काय लिंडरस्ट्रोम-लांग यांनी १९५० च्या दशकात ती मांडली, आणि त्या वेळी किती ड्युटेरियमची अदलाबदल झाली हे चक्क पाण्याच्या थेंबाची घनता मोजून ठरवले जाई. प्रथिन जड (ड्युटेरियमयुक्त) पाण्यात ठेवले की त्याच्या कण्यातील नायट्रोजनला जोडलेल्या हायड्रोजनांची जागा ड्युटेरियम घेते व प्रत्येक अदलाबदलीमागे वजन सुमारे १ डाल्टनने (साधारण एका हायड्रोजन अणूच्या वजनाइतके) वाढते. उघड्यावरील हायड्रोजन काही सेकंदांतच बदलतात. हायड्रोजन बंधांत गुंतलेले किंवा घडीच्या आत दडलेले मात्र तास, कधी दिवसही टिकून राहतात. प्रोलिन या अमिनो अम्लाच्या जागी असा हायड्रोजनच नसल्याने तेथे काही कळत नाही. ठरावीक वेळानंतर विद्रावाचा सामू २.५ पर्यंत व तापमान ०° से. पर्यंत उतरवले की विनिमय सुमारे लाखपट मंदावतो. मग प्रथिनाचे तुकडे करून प्रत्येकाचे वजन घेतात, आणि या कामी पेप्सिन वापरतात. जठरातले हे विकर नेमक्या अशाच आम्लतेत काम करते, हा संशोधकांना लाभलेला सुयोगच म्हटला पाहिजे. औषध जोडल्यावर एखाद्या तुकड्यात ड्युटेरियम कमी शिरले, तर औषध तेथे चिकटले असावे, असा तर्क करता येतो. पण दूरच्या भागाची हालचाल मंदावल्यानेही तसेच घडू शकते, त्यामुळे या निष्कर्षाला अन्य पुराव्याची जोड लागते.

अनेक घटकांनी बनलेले संकुल अखंड तोलायचे असल्यास नेहमीचे मीठयुक्त विद्राव चालत नाहीत. त्यांच्या जागी सहज उडून जाणारे अमोनियम ॲसिटेट वापरतात. कॅरल रॉबिन्सन यांच्या गटाने २००८ मध्ये पेशीपटलातील प्रथिनांचे संकुलही डिटर्जंटच्या आवरणातून न फुटता निर्वातात नेता येते, हे दाखवले. आकाराचा थेट अंदाज हवा असेल तर आयन हेलियम किंवा नायट्रोजनने भरलेल्या नळीतून विद्युत् क्षेत्राच्या जोरावर पुढे नेतात : पसरट आयनाला वायूच्या रेणूंची टक्कर जास्त होते, म्हणून तो आटोपशीर आयनाच्या मागे पडतो. शिवाय जवळजवळ असलेली लायसिने (एक अमिनो अम्ल) रासायनिक दुव्याने बांधून कोणता भाग कोणाशेजारी आहे, हेही शोधतात.

यांपैकी कोणत्याही पद्धतीने अणूंची नेमकी स्थाने मिळत नाहीत. पाण्याविना, निर्वातात रेणूचा आकार तसाच राहतो का, हा आक्षेप तर प्रारंभापासूनचा आहे. ट्रॅप या ११ घटकांच्या कड्यासारख्या प्रथिनावर २००५ मध्ये झालेल्या अभ्यासाने त्याचे अंशतः निरसन केले : कमी भार असलेल्या आयनांत कडे शाबूत आढळले, भार वाढलेल्या आयनांत मात्र ते आत ढासळलेले होते.