कम्प्युटर क्लबहाउस

शहरांतील गरीब वस्त्यांमधल्या साधारण १० ते १८ वयाच्या मुलामुलींसाठी शाळा सुटल्यावर विनामूल्य खुले असणारे माध्यमकला व तंत्रज्ञान केंद्र. पहिले क्लबहाउस १९९३ मध्ये अमेरिकेतील बोस्टन येथे, कम्प्युटर म्युझियममध्ये, एमआयटी या तंत्रज्ञान विद्यापीठातील मीडिया लॅब या संशोधन केंद्राच्या सहकार्याने सुरू झाले. संस्थापकांत मिचेल रेझ्निक व नॅटली रस्क यांचा समावेश होतो.

या कल्पनेची सुरुवात मुलांच्याच हट्टातून झाली. म्युझियमने शाळेच्या सुट्टीत लेगोच्या तुकड्यांची यंत्रे बनवून ती संगणकाने चालवण्याचा उपक्रम घेतला. सुट्टी संपली, साहित्य परत गेले, तरी आसपासची काही मुले पुन्हा येऊन तेच मागू लागली. मुले चोरून आत शिरत असल्याचा इशाराही पुढे कर्मचाऱ्यांना देण्यात आला. सुट्टीनंतर या मुलांना जायला दुसरी जागाच नव्हती, हे त्यातून रस्क व रेझ्निक यांच्या ध्यानात आले.

येथे ना वर्ग भरतो ना परीक्षा होते. कोणी गाणे ध्वनिमुद्रित करतो, कोणी चित्रफीत संपादित करते, कोणी खेळ रचतो. विषय ज्याचा त्याने निवडायचा. शिकण्याची ही पद्धत गणितज्ञ व शिक्षणविचारवंत सेमूर पेपर्ट यांच्या विचारांवर उभी आहे: माणूस स्वतःला मोलाचे वाटणारे काहीतरी घडवताना सर्वांत खोलवर शिकतो. सोबतीला असणारे प्रौढ मार्गदर्शक शिकवण्यापेक्षा बरोबरीने काम करतात. खोलीच्या मध्यभागी एक हिरवे टेबल असते. त्यावर संगणक नसतो. तिथे बसून गप्पा मारायच्या, चित्रे काढायची, एकमेकांचे काम पाहायचे. संगणकांचे वाटप केले की विषमता मिटेल, ही समजूत तेव्हा जोरात होती आणि आजही आहे. या केंद्रांनी माणसांना, वेळेला व विश्वासाला यंत्रांइतकेच महत्त्व दिले, आणि त्यांचे खरे वेगळेपण यातच आहे.

सुरुवातीला मुलग्यांची गर्दी अधिक असे, म्हणून मुलींसाठी स्वतंत्र दिवस राखण्यात आला. २००० पासून इंटेल कंपनीच्या साहाय्याने इतर शहरांत व देशांत केंद्रे उघडली.

चित्र, संगीत, ध्वनी यांत रमणारी येथील मुले प्रोग्रॅमिंगकडे मात्र फारशी वळत नसत, कारण तेव्हाच्या भाषा किचकट होत्या. या अनुभवातूनच मीडिया लॅबमध्ये पडद्यावरचे ठोकळे जोडून प्रोग्रॅम लिहिण्याची स्क्रॅच ही भाषा आकाराला आली. ती २००७ मध्ये सर्वांसाठी मोफत खुली झाली.