बटण बंद केलं म्हणजे टीव्ही वाचला?

वळवाचं आभाळ दाटलं की घरोघरी एकच हाक: "अरे, टीव्हीचं बटण बंद कर!" बटण बंद म्हणजे काम झालं, हा समज वर्षानुवर्षं चालत आलाय. तो अपुरा आहे. काही किलोमीटर हवा फोडून खाली येणारी वीज बटणातल्या दोन-तीन मिलिमीटरच्या फटीला काय जुमानणार? एक मिलिमीटर हवा साधारण 3,000 व्होल्टला फुटते, म्हणजे तिच्यातून वीज पार होते. रिमोटने बंद करणाऱ्यांची तर गोष्टच सोडा.

शिवाय बटण फक्त लाइटची वायर तोडतं. गच्चीवरच्या डिशकडून आलेली केबल सेट टॉप बॉक्सच्या मागे पिळून बसवलेलीच असते. वीज डिशवरच पडायला हवी असंही नाही. शेजारच्या नारळावर पडली तरी त्या लांब केबलमध्ये विजेचा दाब (व्होल्टेज) उसळतो आणि बॉक्समधून एचडीएमआयच्या वायरीने टीव्हीत शिरू शकतो.

तेव्हा प्लगही काढायचा आणि केबलही, तेही आभाळ गडगडायच्या आधी. गडगडाट सुरू झाल्यावर केबलला हात लावू नका. टीव्ही गेला तर गेला.

"डिशला अर्थिंग केलं (म्हणजे तारेने जमिनीत ठोकलेल्या सळईला जोडलं) तर वीज ओढली जाते" हा या समजाचाच भाऊबंद. अर्थिंग विजेला बोलावत नाही, आलेल्या विजेला जमिनीची वाट देतं. मात्र डिशच्या खांबाचं अर्थिंग घराच्या मुख्य अर्थिंगला जोडलेलं हवं. दोन्हींच्या सळया वेगवेगळ्या ठोकून, एकमेकींना न जोडता सोडल्या, तर वीज पडताना दोन्हींच्या दाबात मोठा फरक पडतो आणि तो मिटायचा रस्ता तुमच्या टीव्हीतून जातो.