शिक्षण, घरातील राहणी आणि स्त्री-पुरुषांचे आरोग्य (मुंबई)

माणूस किती शिकला आणि कोणाबरोबर, घरातल्या कोणत्या नात्याने राहतो, यावर त्याचे आरोग्य बऱ्याच अंशी ठरते. हा परिणाम स्त्री आणि पुरुष यांच्यावर सारखा होत नाही. या विषयाची देशपातळीवरील बरीचशी आकडेवारी देवनार येथील आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेतून (स्थापना १९५६) येते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण (१९९२-९३ पासून) आणि ४५ वर्षांवरील लोकांचा वार्धक्य अभ्यास (पहिली फेरी २०१७-१८) ही तिची दोन प्रमुख कामे.

शिक्षण : मुंबईत १९९१ ते १९९७ या काळात ३५ वर्षांवरील १,४८,१७३ लोकांची मतदारयाद्यांवरून घरोघरी नोंद घेऊन पुढे त्यांच्यातील मृत्यूंचा माग ठेवला गेला. कमी शिकलेल्यांत मृत्युदर जास्त आढळला. पहिल्या टप्प्यात ६९.३ टक्के पुरुष आणि ५७.५ टक्के स्त्रिया तंबाखू वापरत होत्या. बायकांचा तंबाखू जवळजवळ सगळा बिनधुराचा, त्यात मिश्रीचा वाटा मोठा. सकाळी दात घासायच्या निमित्ताने लावलेली मिश्री व्यसनात धरलीच जात नाही, म्हणून ‘तंबाखू खाता का?’ एवढेच विचारल्यास उत्तर ‘नाही’ असे येते. मिश्रीचे नाव घेऊन विचारावे लागते. सुरक्षारक्षक आत सोडत नसल्याने उच्च मध्यमवर्गीय संकुले या पाहणीतून वगळली होती, हेही आकडे वाचताना ध्यानात ठेवावे.

रक्तक्षयाच्या बाबतीत शिक्षण फारसे कामाला येत नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के भारतीय स्त्रिया आणि २५ टक्के पुरुष रक्तक्षयी होते. (हिमोग्लोबिनची किमान मर्यादा गरोदर नसलेल्या स्त्रीला दर डेसिलिटर रक्तात १२, पुरुषाला १३ ग्रॅम.) पाळीतला रक्तस्राव, सगळ्यांचे झाल्यावर उरलेले जेवणे आणि जेवणाला लागून चहा ही कारणे पदवीने हटत नाहीत.

सून आणि माहेर : पहिले बाळंतपण माहेरी करण्याची रीत मुंबईच्या मराठी घरांत अजून टिकून आहे. डोहाळजेवण आटोपले की सातव्या-आठव्या महिन्यात सून कोकणात किंवा घाटावर जाते. नावनोंदणी, सोनोग्राफी, रक्ताचे रिपोर्ट मात्र मुंबईच्या प्रसूतिगृहातले. फाइल सासरच्या कपाटात राहिली तर गावच्या दवाखान्यात रक्तगट तपासण्यापासून सुरुवात होते. रक्तदाब आधी किती होता हे कोणी सांगू शकत नाही. माता-बाल संरक्षण कार्ड आणि सर्व रिपोर्ट सोबत न्यावेत. लोहाची गोळी (६० मिलिग्रॅम लोह, ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक अॅसिड) गरोदरपणी रोज एक याप्रमाणे १८० दिवस आणि बाळंतपणानंतर तितकेच दिवस घ्यायची असते. मळमळ आणि काळे शौच यांमुळे ती मध्येच सोडली जाते. रात्री जेवणानंतर घेतल्यास त्रास कमी होतो. चहा किंवा कॅल्शियमच्या गोळीबरोबर ती घेऊ नये. शिकलेल्या सुनेचा फायदा इथे दिसतो: ती कार्ड वाचते, तारीख लक्षात ठेवते. पण दवाखान्यात एकटीने जायची मुभा आणि रिक्षाचे पैसे हातात नसतील तर वाचता येऊनही तिचे अडतेच.

उतारवय : नवरा सहसा वयाने मोठा आणि स्त्रीचे आयुर्मान जास्त (भारतात २०१४-१८ : स्त्रिया ७०.७, पुरुष ६८.२ वर्षे), त्यामुळे वैधव्य बायकांच्या वाट्याला अधिक येते. मुलांनी आईचे महिने वाटून घेतले असतील तर ती वडाळ्याहून डोंबिवलीला जाताना रक्तदाबाच्या गोळ्यांची चिठ्ठी आधीच्या घरी राहते आणि गोळ्या आठ-दहा दिवस बंद पडतात. खोली तिच्या नावावर असेल तर तिच्या शब्दाला घरात वजन राहते. विधुराचे दुखणे वेगळे: पथ्याचे जेवण आणि गोळ्यांची वेळ बायको सांभाळत असे, ते एकदम थांबते.

मोजणीतील अडचणी : पाहणीत एका चुलीवर जेवणारे ते एक कुटुंब धरतात. बीडीडी चाळीतल्या १६० चौरस फुटांच्या खोलीत पोटमाळ्यावरच्या मुलाने वेगळा स्वयंपाक मांडला की कागदावर दोन कुटुंबे होतात. न्हाणी, डास आणि खोकला सामाईकच. अशा खोलीत सासूसमोर सून आजाराबद्दल मोकळे बोलत नाही. हिंसेचे प्रश्न तर एकांत मिळाला तरच विचारावेत आणि कोणी आत आले तर थांबवावेत, असा सर्वेक्षणाचा नियम आहे.

एकत्र राहणारे वृद्ध जास्त आजारी दिसले, तर दोष एकत्र राहण्याला देण्याची घाई करू नये. अनेकदा आजारपणामुळेच आईवडिलांना मुलाकडे आणलेले असते. उलट, खानावळीत जेवणारा एकटा कामगार अंथरुणाला खिळला की गावी जातो. मागे धडधाकट तेवढे उरतात, आणि एकटे राहणारे पुरुष आकड्यांत आहेत त्याहून निरोगी दिसतात.