टी७ आणि टी४: आरएनए पॉलिमरेज नक्की कोणाचं?

"फाज (जीवाणूंना ग्रासणारा विषाणू) स्वतःच्या आरएनए पॉलिमरेजने प्रतिलेखन करतो", म्हणजे डीएनए वाचून आरएनए बनवणारं एन्झाइम त्याचं स्वतःचं असतं. हे सरसकट वाक्य नोट्समधून नोट्समध्ये उतरत राहतं. टी७ आणि टी४ हे दोन्ही ई. कोलाय या जीवाणूवर वाढणारे फाज; टी७ला ते लागू पडतं, टी४ला अजिबात नाही.

टी७चं पॉलिमरेज प्रयोगशाळेत बहुतेकांच्या हाताखालून गेलेलं असतं: प्रथिनं बनवून घ्यायला वापरतात ती पीईटी प्लाझ्मिड आणि बीएल२१ (डीई३) हा जीवाणू, जनुक १ पासून बनणारं एकाच साखळीचं, ८८३ अमिनो आम्लांचं एन्झाइम. फक्त एक विसरू नका: हे एन्झाइम टी७च्या कणातून येत नाही, पेशीत शिरल्यावर बनतं (एन४ हा दुसरा फाज आपलं सोबत आणतो, ती गोष्ट वेगळी). त्यामुळे सुरुवातीची जनुकं, खुद्द जनुक १ सुद्धा, ई. कोलायचंच पॉलिमरेज वाचतं.

आता टी४. जीनोम टी७च्या चौपट, जवळपास १ लाख ६९ हजार बेसजोड्यांचा, तरी त्यात या कामाचं आरएनए पॉलिमरेज नाही. बाजारात मिळतं ते 'टी४ डीएनए पॉलिमरेज', म्हणजे डीएनएची प्रत काढणारं वेगळं एन्झाइम. त्या बाटलीवरचं नाव वाचून घोळ होत असावा. प्रतिलेखनासाठी टी४ शेवटपर्यंत ई. कोलायचंच यंत्र वापरतो, पण त्याला जागोजागी हात लावून. डीएनएबरोबरच आत आलेलं टी४चं ऑल्ट प्रथिन त्या यंत्राच्या अल्फा उपघटकावर एडीपी-रायबोज हा रासायनिक गट चिकटवतं. मधल्या टप्प्यात टी४चं एसिए हे प्रथिन सिग्मा-७०ला (वाचन कुठून सुरू करायचं ते पॉलिमरेजला दाखवणाऱ्या ई. कोलायच्या भागाला) धरून बसतं आणि टी४चंच मोटए पॉलिमरेजला टी४च्या मधल्या प्रमोटरांकडे, म्हणजे मधल्या जनुकांच्या सुरुवातीच्या खुणांकडे, नेतं. शेवटच्या टप्प्यात तर सिग्माच बदलतो: टी४चं जीपी५५ हे प्रथिन त्या जागी येतं आणि वाचनाच्या सुरुवातीपासून -१०च्या (दहा बेस आधीच्या) आसपासचा TATAAATA हा क्रम ओळखतं. म्हणजे गाडी ई. कोलायची, पत्ता सांगणारा टी४चा. याला 'स्वतःचं पॉलिमरेज' म्हणणं मला मुळीच मान्य नाही. शिवाय या टप्प्याला जोर देणारं जीपी४५ म्हणजे डीएनए प्रतिकृतीतलंच, डीएनएभोवती बसणारं सरकतं कडं. म्हणून प्रतिकृती थांबली की उशिराच्या जनुकांचं वाचनही ढेपाळतं.

शेपूट, डोक्याचा आकार वगैरे फरक कुठल्याही पुस्तकात सापडतील.

खात्री करायची तर रिफॅम्पिसिन हे प्रतिजैविक घाला. ते जीवाणूच्या पॉलिमरेजच्या बीटा उपघटकाला अडवतं. टी७चं एन्झाइम एकदा बनलं असेल, तर उशिराच्या जनुकांचं वाचन चालूच राहतं. टी४मध्ये कोणत्याही टप्प्यावर घाला, नवं प्रतिलेखन सुरूच होत नाही.