‘पिल’चं ‘बिल’ कुठे होतं?

अमेरिकेतल्या दवाखान्यात स्पॅनिशभाषक आजी ‘पिल’ म्हणतात, म्हणजे गोळी, आणि समोरच्या नर्सला ऐकू येतं ‘बिल’. अशा वेळी ‘जीभ जड आहे’ म्हणून मोकळे होणारे सगळीकडे भेटतात. आपल्याकडे तर वेखंड उगाळून जिभेला लावतात. पण प म्हणताना जिभेला कामच नसतं! जे घडतं ते ओठांत आणि गळ्यात.

प साठी ओठ मिटले की मागे हवा दाटते. ओठ उघडले की ती सुटते आणि पुढच्या स्वरासाठी स्वरतंतू थरथरू लागतात. ओठ उघडल्यापासून थरथर सुरू होईपर्यंत किती वेळ गेला, यावर सगळं ठरतं. 1964 साली लिस्कर आणि अब्रॅमसन या अमेरिकी संशोधकांनी 11 भाषांत हा वेळ मोजला. त्यांत आपली मराठीही होती. शब्दारंभीच्या इंग्रजी प ला सरासरी 58 मिलिसेकंद लागले, स्पॅनिश प ला फक्त 4. इंग्रजी ब बऱ्याचदा 1 च्या आसपास असतो, तर स्पॅनिश ब मध्ये ओठ उघडण्याआधीच थरथर चालू झालेली असते. म्हणजे आजींचा चोख स्पॅनिश प इंग्रजी कानाला ब च्या हद्दीत सापडतो.

हा वेळ लांबला की मधल्या काळात हवेचा झोत सुटतो. मराठी माणसाला हे चटकन पटेल, कारण अल्पप्राण (झोत नसलेला प) आणि महाप्राण (झोत असलेला फ) आपण जन्मापासून वेगळे ठेवतो. तोंडासमोर कागदाची पातळ पट्टी धरून ‘पळ’ म्हणा, मग ‘फळ’ म्हणा. दातांनी ओठ चावून नव्हे, दोन्ही ओठ नीट मिटून. दुसऱ्या वेळी पट्टी उडते. इंग्रजी ‘पिल’, ‘पेन’, ‘पल्स’ म्हणताना ती अशीच उडायला हवी. खोकला या अर्थाच्या इंग्रजी ‘कफ’मधल्या क लाही हाच नियम. सात दिवसांत अमेरिकन उच्चार शिकवू म्हणणाऱ्या जाहिरातींपेक्षा ही पट्टी जास्त कामाची.

‘स्पाइन’ आणि ‘स्टमक’मध्ये मात्र गंमत उलटी. स नंतर इंग्रजही हवा सोडत नाहीत, तिथे स्पॅनिश प, त अगदी जवळ जातात. अडचण येते स च्या आधी. स्पॅनिश शब्द ‘स्त’, ‘स्प’ने सुरू होत नाही, पोट म्हणजे ‘एस्तोमागो’. म्हणून इंग्रजीतही ‘एस्टमक’ होतं. त्यावर उपाय म्हणजे आधी नुसता सापासारखा ‘स्स्स्स’ लांबवायचा, तोंडातून ए निघू द्यायचा नाही, आणि श्वास न तोडता ‘टमक’ जोडायचं. मग ‘स्स्स्स’ हळूहळू आखूड करत न्यायचा.