पुश्काश सीमा ओलांडून पळाला नव्हता

1956 च्या सोव्हिएतविरोधी उठावात हंगेरीचा नावाजलेला फुटबॉलपटू फेरेन्स पुश्काश रात्रीतून देशाची सीमा ओलांडून पळाला, ही कथा फुटबॉलवेड्यांमध्ये अजूनही फिरते. काहींच्या कथेत तर तो लष्करी ट्रकमध्ये लपतोसुद्धा! ट्रकची गोष्ट खरी, पण ती लास्लो कुबाला या दुसऱ्या फुटबॉलपटूची, 1949 ची.

पुश्काश युरोपियन कप या क्लबांच्या स्पर्धेसाठी बुडापेस्टच्या होनवेड संघाबरोबर उघडपणे परदेशी गेला होता. स्पेनमधल्या बिलबाओत तिथल्या अॅथलेटिक संघाकडून 3-2 अशी हार झाली. तोवर बुडापेस्टमध्ये सोव्हिएत रणगाडे घुसले होते, म्हणून परतीचा सामना ब्रुसेल्सला झाला. तिथे गोलकीपर जायबंदी झाला, बदली खेळाडूची सोय नव्हती, आणि चिबोर हा विंगर गोलपोस्टमध्ये उभा राहिला. 3-3 बरोबरी झाली आणि दोन्ही सामन्यांचे गोल मिळून होनवेड स्पर्धेबाहेर. पुश्काश परतलाच नाही. सीमा ओलांडली ती त्याच्या बायको-मुलीने.

पुढे खेळण्यावर बंदी आली, पोट सुटलं. 1958 मध्ये रेआल माद्रिदने त्याला घेतलं तेव्हा तो 31 वर्षांचा. ‘संपलेला खेळाडू’ म्हणणाऱ्यांना 1960 च्या युरोपियन कपच्या अंतिम सामन्यात, जर्मनीच्या आइनट्राख्ट फ्रँकफुर्टविरुद्ध त्याने एकट्याने मारलेले 4 गोल बघावे लागले. हंगेरीसाठी 85 सामन्यांत 84 गोल करणारा हा माणूस स्पेनकडून मात्र 4 सामन्यांत कोराच राहिला. मायदेशी पाऊल ठेवलं ते थेट 1981 मध्ये.