सटवीचं लिखाण आणि कोयनेचं पाणी

भाचा पुण्याहून चार दिवसांसाठी आला होता. पाऊस थांबायचं नाव घेत नव्हता, इथं सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाखाली पाणी 38 फुटांवर होतं, त्यामुळे बाहेर पडायचा प्रश्नच नव्हता. त्यानं मला 'डार्क' लावून दिली. जर्मन मालिका, 2017 ते 2020 या काळात नेटफ्लिक्सवर आलेली, तीन सीझन मिळून 26 भाग. मध्ये भडंगाचा डबा ठेवून आम्ही ती संपवली. शेवटचा भाग झाल्यावर तो म्हणाला, "म्हणजे मामा, सगळं नशीबच की. काही केलं तरी तेच होणार."

तिथं आमचं वाजलं. कारण त्या मालिकेत नशीब जवळजवळ नाहीच. तिथं आहे ते नशिबासारखं दिसणारं, पण वेगळंच काहीतरी. (ज्यांना मालिका बघायची आहे त्यांनी आधी बघून यावं. पुढं सगळं फोडलेलं आहे.)

आधी नशिबाचं बघू. बाळाच्या पाचवीला पाटा-वरवंटा पुजतात, शेजारी कोरा कागद आणि लेखणी ठेवतात. रात्री सटवी येते आणि कपाळावर लिहून जाते. ती लिहिते काय? फक्त निकाल. 'हा पाण्यात जाणार.' कसा, कुठं, कुणामुळं, ते लिहायच्या भानगडीत ती पडत नाही. मग आजीच्या गोष्टीत आईबाप पोराला नदीवर जाऊ देत नाहीत, विहिरीवर फळ्या टाकतात आणि पोरगं न्हाणीतल्या घंगाळात बुडतं. दैवाची खूण ही अशी असते. वाट कुठलीही धरा, मुक्काम तोच. तुमच्या धडपडीला तिथं काही किंमत नाही, ती केली काय आणि नाही केली काय.

आता कोयनेचं पाणी. पाटण तालुक्यातलं धरण, साठा 105.25 टीएमसी, म्हणजे अब्ज घनफूट. दरवाजे उचलले की ते पाणी कराडला प्रीतिसंगमावर कृष्णेत येतं आणि तिथून सांगलीकडं निघतं. किती क्युसेक (सेकंदाला किती घनफूट) सोडलं, मधल्या ओढ्यांनी किती भर घातली, वारणा नदी फुगून हरिपूरच्या संगमाशी तुंबारा देऊन कृष्णेचं पाणी मागं रेटतेय का, एवढं कळलं की आयर्विनवर पाणी कुठवर चढेल याचा अंदाज बांधता येतो. 40 फूट इशारा, 45 फूट धोका, हे आकडे सांगलीत शाळकरी पोरालाही पाठ असतात. हे पाणी कुणी कपाळावर लिहिलेलं नाही. आधीच्या गोष्टीतून पुढची गोष्ट निघते, साखळीसारखी. एक कडी बदलली, वर दोन दरवाजे कमी उचलले, तर खाली आकडा बदलतो.

पुस्तकी मराठीत पहिल्याला दैववाद म्हणतात आणि दुसऱ्याला नियतत्ववाद. आपण मात्र दोन्हीकडं 'नियती' हा एकच शब्द बिनदिक्कत फेकतो आणि घोटाळा तिथून सुरू होतो. मी इथं दैव आणि साखळी असंच म्हणतो. ओळखायचं कसं, तर एक प्रश्न विचारायचा: मी वेगळं वागलो असतो तर? दैव म्हणतं, तरी तेच झालं असतं. साखळी म्हणते, वेगळं झालं असतं की, पण तू वेगळं वागला नसतास.

हे दुसरं उत्तर जास्त टोचतं. 'डार्क' त्या टोचण्यावरच उभी आहे.

विंडन नावाचं गाव, शेजारी अणुवीज केंद्र, जंगलात गुहा. गुहेतून 33 वर्षं मागं किंवा पुढं जाता येतं: 1953, 1986, 2019. (2019 म्हटल्यावर सांगलीच्या माणसाला महापूर आठवतो, ते सांगायला नको.) योनास नावाच्या पोराच्या बापानं जून 2019 मध्ये गळफास घेतलेला आहे. दुसऱ्या सीझनमध्ये योनास त्या दिवसाच्या अलीकडं जाऊन पोचतो, बापाला अडवायला. बाप त्याच्याकडं बघत राहतो. त्याच्या मनात तसलं काही आलेलंच नसतं! पोरगं रडत रडत सगळं सांगतं, बापानं मागं ठेवलेल्या चिठ्ठीचंही सांगतं, आणि त्या सांगण्यातूनच बापाला कळतं की आपल्याला काय करायचं आहे. वाचवायला गेलेल्या पोरानंच कडी जोडली.

हे दैव असतं तर योनास घरी झोपून राहिला असता तरी बाप गेलाच असता. इथं तसं नाही. इथं योनास गेला म्हणून बाप गेला. आणि योनास गेला कारण त्याचं बापावर प्रेम होतं. त्याला कुणी ढकललं नाही, बांधून नेलं नाही. त्याची इच्छा ही साखळीच्या बाहेरची गोष्ट नाही, ती साखळीतलीच सगळ्यात जाड कडी आहे. उलरिक या दुसऱ्या एका बापाचं तसंच. हरवलेल्या मुलाच्या शोधात तो 1953 मध्ये पोचतो आणि पुढं मोठेपणी पोरं पळवणार म्हणून लहानग्या हेल्गेला दगडानं ठेचतो. हेल्गे मरत नाही. त्याच्या चेहऱ्यावर व्रण राहतो, आणि म्हातारा हेल्गे आपण पहिल्यांदा बघतो तेव्हा तो व्रण तिथं असतोच. पहिल्या वेळी माझ्या नजरेतून तो सुटला होता.

मग माझी इच्छा माझी म्हणायची की नाही? यावर तत्त्वज्ञांत दोन तट आहेत आणि भांडण मिटलेलं नाही. माझं मत एवढंच की 'स्वतंत्र' याच्या विरुद्ध 'बांधलेला' येतं, 'कारण असलेला' येत नाही. मला सकाळी चहा लागतो त्याला कारण आहे, म्हणून चहा कुणी माझ्या घशात ओतला असं होत नाही.

हा घोळ जुना आहे. ग्रीक लोकांत एक आळशी युक्तिवाद म्हणून प्रसिद्ध होता: बरं व्हायचं ठरलेलं असेल तर वैद्य बोलावला काय, न बोलावला काय, बरा होशीलच, मग बोलवायचा कशाला? आपल्याकडं याला 'असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी' म्हणतात. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकातल्या क्रिसिपस या ग्रीक तत्त्वज्ञानं त्याला उत्तर दिलं की बरं होणं ठरलेलं असेल तर वैद्य बोलावणंही त्याच्याबरोबरच ठरलेलं आहे; दोन्ही एका गाठीत. आपल्याकडं बुद्धाच्या काळात आजीवक पंथाचा मक्खली गोसाल होता. त्याचं म्हणणं, सुताचा गुंडा फेकला की सूत संपेपर्यंत तो उलगडत जातो, तसाच शहाणा असो वा मूर्ख, प्रत्येकाचा फेरा ठरल्या लांबीचा, आणि पुरुषार्थ म्हणून काही नाहीच. हा पक्का दैवाच्या बाजूचा माणूस.

क्रिसिपसचं नाव आमच्या शेजारच्या काकूंनी ऐकलेलं नाही, पण त्या त्याच्याच गटातल्या. नदीकाठच्या गावभागात राहतात. त्यांच्या जिन्याच्या भिंतीवर ऑइलपेंटची एक रेघ आहे, 2005 च्या पाण्याची. ऑगस्ट 2019 मध्ये काका त्या रेघेकडं बोट दाखवून म्हणत होते, "याच्या वर येत नाही. आणि यायचंच असंल तर आपण काय करणार?" काकूही तोंडानं तेच म्हणत होत्या, कपाळात असेल ते चुकत नाही वगैरे. पण म्हणता म्हणता त्यांनी गॅसची टाकी, धान्याचे डबे आणि शिलाई मशीन वरच्या मजल्यावर चढवलं. पाणी 57 फुटांच्या वर गेलं. आता भिंतीवर दुसरी रेघ आहे, पहिलीच्या बरीच वर. मशीन अजून चालतं. काकांची हिशेबाची कपाटं गेली.

बोलायचं दैवाचं आणि वागायचं साखळीचं, ही आपली सगळ्यांची रीत आहे, आणि ती वाईट नाही.

मालिकेत साखळी कच्ची पडते अशा दोनच जागा मला सापडल्या. एक, योनास मरायला बघतो तेव्हा पिस्तूल उडतच नाही, कारण त्याचं म्हातारपण आधीच कुठंतरी चाललेलं आहे. हे घंगाळाच्या गोष्टीसारखंच झालं, उलटं करून. जगायचं लिहिलंय म्हणून गोळी अडते. गोळी का अडली, याला बंदुकीतलं कारण नाही. दुसरी जागा अगदी शेवटी. मालिकेत पुढं समांतर जगं येतात. त्यातल्या तिसऱ्या जगात होणारा एक मोटार अपघात योनास आणि त्याची प्रेयसी मार्था टाळतात, म्हणून सगळा गुंता जन्मालाच येत नाही, आणि दोघं विरून जातात. तिथं पोचायची वाट अशी काढली आहे की प्रलयाच्या क्षणी काळ किंचित थांबतो आणि कार्यकारण तेवढं सैल पडतं. मला ही पळवाट वाटली. भाच्याला पटली. त्यावर एक अख्खी संध्याकाळ गेली.

पण आम्ही दोघंही अडलो ते शेवटच्या दृश्यावर. गुंता सुटलेला आहे, योनास नावाचा पोरगा कधी नव्हताच. जेवणाच्या टेबलावर वीज जाते. हाना, जी तिकडं त्याची आई होती, इथं पोटुशी आहे. ती एका पिवळ्या रेनकोटकडं बघत राहते आणि म्हणते, मुलाचं नाव योनास छान वाटेल.

"आता हे साखळीचं का दैवाचं?" भाच्यानं विचारलं. साखळीचं म्हणावं तर मागं कडीच उरलेली नाही. मी गप्प बसलो. तेवढ्यात काकू पाण्याचा आकडा विचारायला आल्या, भाच्यानं त्यांनाही दृश्य सांगून टाकलं. त्यांनी भडंगाची मूठ घेतली.

"सटवी रे ती," म्हणाल्या. "किती झालं?"

"39."

काकू जिना चढायला लागल्या.